व्यायाम घरी की जिममध्ये?

दिवाळीची चोपडापूजा आटोपते, लग्नसराईची पहिली घाई ओसरते आणि चंद्रपूरच्या बाजारपेठेतील अनेक घरांत एक जुना विषय नव्याने निघतो. डॉक्टरांनी साखरेचा आकडा दाखवलेला असतो, रक्तदाबाची एक गोळी वाढलेली असते आणि त्याच सुमारास चौकातल्या नव्या जिमने वार्षिक सभासदत्वावर मोठी सूट जाहीर केलेली असते. मुलगा म्हणतो, ‘पप्पा, दोघांचे एकत्र घेऊ, स्वस्त पडेल.’ वडील म्हणतात, ‘तेवढ्या पैशांत चालण्याचे यंत्रच घरी येईल.’ आई काही बोलत नाही, कारण या चर्चेत तिचे नाव कोणी घेतलेलेच नसते.

विषय वरवर किरकोळ वाटला तरी तो तसा नाही. व्यापार हा बसून करायचा उद्योग आहे. सकाळी दहाला गादीवर बसलेला माणूस रात्री नऊला उठतो. मध्ये त्याचे चालणे गल्ल्यापासून गोदामापर्यंत. माल उचलायला हमाल, चहा आणायला पोऱ्या आणि घरी जायला दुचाकी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष याच जीवनक्रमाकडे बोट दाखवतात. महाराष्ट्राचा समावेश असलेल्या त्या पाहणीत निम्म्याहून अधिक प्रौढ व्यक्ती पुरेशी हालचाल न करणाऱ्या निघाल्या, आणि केवळ आवड म्हणून खेळणारे वा व्यायाम करणारे दहा टक्केही नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेची अपेक्षा मात्र फार मोठी नाही: आठवड्याला किमान १५० मिनिटे दम लागेल असे चालणे किंवा तत्सम श्रम, आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम. रोजचा अर्धा तासही त्याला पुरतो. हा अर्धा तास कोठे घालवायचा, एवढाच प्रश्न आहे. आणि ‘कोठे’ याचे उत्तर शोधताना ‘केव्हा’ हा प्रश्न आधी सुटावा लागतो, याकडे सहसा दुर्लक्ष होते.

महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी त्याची दोन उत्तरे दोन ठिकाणी उभी राहिली. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी तरुणपणी युजीन सँडो या युरोपीय मल्लाच्या पद्धतीने भारावले होते. त्यांनी सँडोची साधने आणि पुस्तके मागवली आणि सुमारे दहा वर्षे तो व्यायाम नेटाने केला. पुढे ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि तेथेच स्थिरावले. साधन नको, खर्च नको, वेगळी इमारत नको. अंगाला पुरेल एवढी जागा असली की घरातल्या सर्वांना, स्त्रियांनासुद्धा, हा व्यायाम करता येतो, हा त्यांच्या प्रचाराचा गाभा होता. संस्थानातील शाळांत त्यांनी नमस्कार सुरू केले, पुस्तके लिहिली, आणि १९३८ मध्ये त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनहून निघाले. ज्याला कोणतेही यंत्र विकत घेणे सहज शक्य होते, अशा राजाने यंत्रे बाजूला ठेवून सतरंजी पसंत केली, ही गोष्ट यंत्र घ्यायला निघालेल्या प्रत्येक कुटुंबाने ध्यानात घेण्यासारखी आहे. (नमस्कार घालताना कोणता मंत्र म्हणावा, की म्हणूच नये, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न, सांध्यांना त्याने फरक पडत नाही.)

दुसरे उत्तर विदर्भातच मिळाले. अमरावतीला १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी, म्हणजे अनंतराव आणि अंबादासपंतांनी, हनुमान आखाड्याचे काम उभे केले. तेच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून नावारूपाला आले. मल्लखांब, कुस्ती, लाठी, देशी खेळ हे सारे तेथे एकत्र आणि शिक्षकाच्या नजरेखाली शिकवले जाई. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. एकट्याने घरात मल्लखांब शिकता येत नाही. पडताना सावरणारा, चूक दाखवणारा आणि ‘आज का आला नाहीस’ असे विचारणारा कोणीतरी लागतो, हे अमरावतीचे म्हणणे. औंधचे म्हणणे घराच्या सोयीचे, अमरावतीचे शिक्षकाच्या नजरेचे. आजच्या जिमच्या काचेच्या दारामागे हाच जुना मुद्दा उभा आहे, फक्त आखाड्यातील तांबड्या मातीच्या जागी रबरी फरशी आली आहे.

व्यापारी वाचकाने मात्र आधी हिशेब पाहावा. स्टेफानो डेलाविन्या आणि उल्रिके माल्मेंडियर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये अमेरिकेतील तीन जिमच्या सभासदांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सभासदांची संख्या साडेसात हजारांहून अधिक होती. दरमहा ७० डॉलरहून जास्त शुल्क भरणारे सभासद महिन्याला सरासरी ४.३ वेळा जिमला गेले. म्हणजे एका खेपेला त्यांना १७ डॉलरहून अधिक पडले, आणि त्याच ठिकाणी दहा खेपांचा पास घेतला असता तर एक खेप १० डॉलरला पडली असती. सभासदत्व घेताना माणूस आपल्या उत्साहाचा भाव चढा धरतो, असा याचा सरळ अर्थ. जो दुकानदार वर्षभर न खपणारा माल केवळ घाऊक सवलतीसाठी गोदामात भरत नाही, तोच वर्षाचे सभासदत्व सवलतीसाठी घेतो आणि संक्रांतीनंतर तिकडे फिरकत नाही. जिम घ्यायचीच असेल तर पहिले तीन महिने महिन्याचेच पैसे भरावेत. प्रत्येक खेपेची नोंद ठेवावी आणि शुल्काला खेपांनी भागावे. येणारा आकडा खोटे बोलत नाही. घरच्या यंत्रालाही हाच नियम लावावा. किंबहुना अधिक कडक लावावा, कारण जिमच्या मालकाला निदान नूतनीकरणासाठी फोन तरी करावा लागतो, घरातले यंत्र कोणालाच काही विचारत नाही.

आता वेळेकडे यावे. येथे जैन कुटुंबाची अडचण इतरांहून वेगळी आहे आणि ती जिमच्या माहितीपत्रकात कोठेच सापडत नाही. पेढी बंद करून आठ-साडेआठला जिमला जाणे तरुणांना सर्वांत सोयीचे वाटते. पण घरात चौविहार पाळला जात असेल तर सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. चंद्रपूरला डिसेंबरअखेर सूर्य पावणेसहाच्या आधीच मावळतो, मेच्या मध्यात पावणेसातच्या सुमारास. याचा अर्थ असा की हिवाळ्यात शेवटचे पाणी घेतल्यानंतर अडीच तासांनी आणि उन्हाळ्यात दीड-दोन तासांनी हा तरुण तासभर घाम गाळणार, आणि त्यानंतर दुसऱ्या दिवशीच्या नवकारसीपर्यंत कोरडा राहणार. मे महिन्यात दिवसाचा पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या आणि रात्रीही भिंती तापलेल्या असणाऱ्या गावात हे शरीरावर ओढवून घेतलेले संकट आहे. यातून दोनच गोष्टी घडतात. एक तर पच्चक्खाण हळूहळू सैल होते, ‘फक्त पाणी’ म्हणून सुरू झालेले पुढे ‘फक्त एक ग्लास प्रोटीन’ होते. नाहीतर पच्चक्खाण टिकते आणि जिम सुटते. घरात या प्रश्नावरून होणारी धुसफूस धर्माची किंवा आधुनिकतेची नसते, ती घड्याळाची असते. वडिलांनी मुलाला नास्तिक ठरवण्याआधी आणि मुलाने वडिलांना जुनाट म्हणण्याआधी वेळापत्रक बदलून पाहावे.

पहाटेचा पर्यायही दिसतो तितका सोपा नाही. सूर्योदयापासून ४८ मिनिटांनी नवकारसी. मेच्या मध्यात ती साधारण सहा पंचवीसला येते, डिसेंबरअखेर साडेसातनंतर. पाच वाजता उठून तासभर व्यायाम करणारा हा माणूसदेखील आदल्या संध्याकाळपासून कोरडाच असतो. म्हणून कष्टाचा व्यायाम नवकारसीचे पाणी घेतल्यानंतर करणे योग्य. सूर्योदयापूर्वी सामायिक, मग नवकारसीला पाणी, त्यानंतर अर्धा-पाऊण तास व्यायाम, मग स्नान आणि मंदिर किंवा स्थानक, हा क्रम बसवला तरी दहाच्या दुकानाला उशीर होत नाही. पूजेची वेळ आधीची असेल तर क्रम थोडा फिरवावा, पण घाम आणि पाणी एकमेकांपासून फार दूर जाऊ देऊ नयेत. संध्याकाळी चौविहारानंतर सावकाश शतपावली करायला हरकत नाही; ती पचनासाठी आहे, तिला व्यायामाच्या खात्यात धरू नये.

सामायिकालाही त्या खात्यात धरू नये. ४८ मिनिटे एका आसनावर स्थिर बसणे ही मनाची साधना आहे. तिला व्यायाम म्हणणे हा सामायिकावरही अन्याय आणि व्यायामावरही. खमासमणे देताना गुडघे, कंबर आणि पाठ वाकते हे खरे, पण दोन-चार खमासमण्यांनी आठवड्याचा हिशेब पुरा होत नाही. उपवास, आयंबिल, एकासणे यांच्या दिवशी भार उचलू नये. हलके ताण पुरेत. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी तप आणि व्यायाम यांची सांगड स्वतःच्या मनाने मुळीच घालू नये. साखर एकदम खाली उतरण्याचा धोका खरा आहे, त्यामुळे पर्युषणाच्या आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

घर आणि जिम या दोहोंना फाटा देऊन ‘मोकळ्या हवेत चालावे’ असे सुचवणारे पुष्कळ. सल्ला चांगला आहे, पण तो पुण्या-मुंबईच्या मासिकांतून आलेला आहे. चंद्रपूरला २,९२० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र आहे, भोवती कोळशाच्या खाणी आहेत. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील औद्योगिक क्षेत्रांचे प्रदूषण मोजले तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांसह चौथ्या क्रमांकावर होते. हिवाळ्याच्या पहाटे थंड हवा जमिनीलगत दबून राहते आणि धूळ-धूर तिच्यातच अडकतो; ऊन वर आल्यावर हवा थोडी मोकळी होते. दम्याच्या रुग्णाने अशा वेळी रस्त्यावर धावण्यापेक्षा घरात सतरंजी टाकलेली बरी. शिवाय जंगल आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये वीज केंद्र आणि दुर्गापूरच्या परिसरात लागोपाठ दोन दिवसांत वाघ-बिबट्यांच्या हल्ल्यांत एक कामगार आणि एक मुलगा प्राणास मुकला. मूल मार्गावर किंवा जुनोन्याच्या दिशेने अंधारात फिरायला जाणे ही हौस राहिलेली नाही. गडचिरोली जिल्ह्याने तर अधिक दारुण प्रसंग पाहिला. ७ ऑगस्ट २०२५ च्या पहाटे आरमोरी मार्गावर काटली गावाजवळ व्यायामासाठी बाहेर पडलेल्या मुलांच्या घोळक्यावर ट्रक गेला आणि चार मुले गेली. त्या मुलांना जवळ मैदान असते तर ती महामार्गाच्या कडेला का आली असती?

चालायचेच असेल तर उजेडात, वाहनांपासून दूर, रामाळा तलावाच्या बाजूला किंवा आझाद बागेसारख्या ठिकाणी चालावे. बागांतून बसवलेल्या उघड्या व्यायाम-यंत्रांचा लाभ घ्यायलाही हरकत नाही, फक्त ती पुष्कळदा हिरवळीवर असतात, आणि हिरवळीवर पाय न देण्याचा नियम पाळणाऱ्यांचा तेथे खोळंबा होतो. पावसाळ्यात, चातुर्मासात तर विशेष.

आता त्या गप्प बसलेल्या आईकडे. कुटुंबातील जिमचा खर्च बहुधा मुलावर होतो, कधी वडिलांवर. चाळिशीनंतर ज्यांची हाडे ठिसूळ होऊ लागतात, ज्यांच्या स्नायूंना भाराची सर्वांत जास्त गरज असते, त्या स्त्रियांचा विचार यादीत शेवटी येतो. ‘बाई दिवसभर कामच करते’ हे उत्तर ठरलेले. स्वयंपाकघरात उभे राहण्याने पाय दुखतात. मांड्यांना बळ येत नाही. सकाळ डब्यांत आणि पाणी उकळण्यात जाते. चौविहारामुळे संध्याकाळचा स्वयंपाक चार-साडेचारलाच सुरू होतो. हिवाळ्यात त्याहूनही आधी. इतर घरांतील बायका ज्या वेळी जिमच्या महिला-तुकडीला जातात, नेमक्या त्याच वेळी जैन गृहिणी पोळ्या लाटत असते. तिच्या हाती खरा मोकळा वेळ उरतो तो दुपारी दोन ते साडेतीनचा, आणि मे महिन्यात त्या वेळी चंद्रपूरच्या रस्त्यावर कोणी पाऊल टाकू नये. तिच्यासाठी घर हा पर्याय नाही, तेच एकमेव ठिकाण आहे. म्हणून घर की जिम हा प्रश्न पुरुषांच्या सोयीने सोडवून टाकणे बरोबर नाही. कूलरची खोली, एक मजबूत खुर्ची, एक भिंत आणि सासू-सुना किंवा जावा-जावा मिळून अर्धा तास: खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला हात लावून जोर, पायरीवर चढ-उतार, आणि हातात भार घेऊन खांद्यापर्यंत उचलणे. भारासाठी लिटरची पाण्याची बाटली चालते, पुढे तूरडाळीची पाच किलोची पिशवी. (दुकानातील लोखंडी वजने घरी आणू नयेत, शिक्का मारलेले वजन वैधमापन खात्याच्या निरीक्षकाला जागेवर दिसलेले बरे.) त्या अर्ध्या तासात दाराची घंटा दुसऱ्या कोणीतरी उघडायची, एवढे मात्र घराने ठरवावे लागते. तेच अवघड असते.

घरी केलेले खरोखर परिणामकारक ठरते का, ही शंका रास्त आहे. तिचे एक उत्तर गडचिरोलीने अगदी वेगळ्या क्षेत्रात दिले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने जिल्ह्यातील ३९ गावांत नवजात बालकांची काळजी घरीच घेण्याचा प्रयोग केला. १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले, तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटले होते. तो प्रयोग ‘घरी’ होता म्हणून यशस्वी झाला नाही. गावातलीच एक शिकवून तयार केलेली स्त्री ठरलेल्या दिवशी दाराशी येई, बाळाचे वजन करी आणि ते लिहून ठेवी, म्हणून तो यशस्वी झाला. घरच्या व्यायामात हीच गोष्ट हरवलेली असते: शिकवणारा नाही, मोजणारा नाही, लिहिणारा नाही. स्वतः डॉ. अभय बंग यांना पंचेचाळिशीच्या आसपास हृदयविकाराने गाठले. त्यानंतर आहार, चालणे, योगासने आणि ध्यान यांनी बदललेल्या दिनक्रमाची हकिगत त्यांनी ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकात सांगितली आहे. मराठीत ते घरोघर वाचले गेले. गडचिरोलीसारख्या ठिकाणी राहून हा बदल साधता आला, तो एखाद्या सुसज्ज जिममुळे नव्हे.

म्हणून मधला मार्ग असा दिसतो. मूळ व्यायाम घरी असावा, कारण तो सर्वांना, सर्व ऋतूंत आणि सर्व व्रतांत जमतो. पण आरंभी एक-दोन महिने जाणत्याकडून शिकून घ्यावे. जिममध्ये जाऊन, किंवा एखाद्या प्रशिक्षकाला आठवड्यातून एकदा घरी बोलावून. दोन-तीन कुटुंबांनी मिळून प्रशिक्षक बोलावला तर खर्चही विभागतो आणि एकमेकांची नजरही राहते. भिंतीवरच्या पंचांगात प्रत्येकाने आपल्या नावापुढे खूण करावी. चोपडी लिहिण्याची सवय असलेल्या घराला ही नोंद जड जाऊ नये. विशी-पंचविशीतल्या मुलाला वजने उचलण्याची खरी आवड असेल तर त्याला जिमला जाऊ द्यावे, सकाळी, नवकारसीनंतर. जड वजन चुकीच्या पद्धतीने उचलून कंबर धरून बसण्यापेक्षा शिक्षकाला दिलेले शुल्क स्वस्त. मित्रांची सोबत, स्पर्धेची ईर्ष्या, एकटेपणापासून सुटका, हेही जिम देते. त्याची टर उडवू नये. एकुलत्या एका मुलाला तर याची गरज अधिक. पन्नाशी ओलांडलेल्याने किंवा ज्याला छातीत दाब, चढताना असह्य धाप, जुना मधुमेह आहे, त्याने घर असो वा जिम, आधी तपासणी करून घ्यावी.

जिममधून घरी येणाऱ्या डब्यांबद्दल मात्र सावध असावे. दुधाच्या निवळीपासून बनणारी पूड दुधाचीच असते. पण शक्तिवर्धक गोळ्यांच्या कॅप्सूलचे आवरण पुष्कळदा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते, आणि मुलांना याची कल्पनाही नसते. हिरवे चिन्ह आणि अन्न परवान्याचा क्रमांक पाहिल्याशिवाय डबा घरात घेऊ नये. चटकन स्नायू फुगवण्याची ग्वाही देणारे इंजेक्शन किंवा विनालेबलची पुडी कोणी देऊ करील तर ती जिमच बदलावी. आपल्या देशातील आहारतज्ज्ञांनी प्रौढासाठी धरलेले प्रमाण शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने इतके आहे. साठ किलोच्या माणसाला सुमारे पन्नास ग्रॅम. मूग, हरभरा, तूर, दही, पनीर, शेंगदाणे रोजच्या ताटात नेटके असतील तर सामान्य व्यायाम करणाऱ्याला डब्याची गरज पडत नाही. अडचण असते ती ताटात फरसाण आणि भात भरपूर असून डाळ पळीभरच असण्याची.

मूल आणि वडशाचे धान-व्यापारी, अहेरी-आलापल्लीचे किराणा दुकानदार, सिरोंच्याच्या टोकाला राहणारी एखाद-दुसरी घरे यांना हा सारा ऊहापोह दूरचा वाटेल, कारण निवड करण्याजोगी जिम सर्वांच्या गावात नाही. त्यांनी एवढेच ठरवावे: उद्या नवकारसीचे पाणी घेतल्यावर सतरंजी कोणत्या खोलीत पडेल, आणि दुपारी दोनला ती पुन्हा कोणासाठी पसरली जाईल. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी आज एकदा करून घ्यावी, आणि होळीच्या सुमारास पुन्हा एकदा.